पहाटेचा पहिला सेल्फ

मराठवाड्यात डिझेल गोठत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दिवाळी सरली की जुन्या डिझेल गाडीच्या मालकाला चार जण चार सल्ले देतात आणि त्यातले निम्मे लडाखच्या थंडीसाठीचे असतात. तिकडे पारा शून्याखाली वीस-तीस अंश उतरतो. डिझेलमधलं मेण थिजतं, फिल्टर बुजतो आणि गाडी जागची हलत नाही. त्यासाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल लडाखला दिलं. नांदेड-लातूरची डिसेंबर-जानेवारीतली पहाट मात्र साधारण दहा-बारा अंशांची असते. लाट आली तर पारा एक आकडी होतो. शेजारच्या परभणीत तो काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेला आहे. आपल्याकडची थंडी एवढीच.

तरीही एमएच 24 आणि एमएच 26 च्या जुन्या सुमो, मार्शल, बोलेरो आणि इंडिका नेमक्या याच दिवसांत अंगणात अडून बसतात. सेल्फ मारला की इंजिन दोन-तीन वेळा कण्हतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि बॅटरी बसते. दोष थंडीला दिला जातो. माझं म्हणणं असं की अशी गाडी बिघडलेली असते ती उन्हाळ्यातच. मे महिन्याच्या उष्णतेत ते दुखणं झाकून राहतं आणि थंडी ते उघडं पाडते. म्हणून हिवाळ्याची तयारी म्हणजे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात गाडीचं काय झालं याची तपासणी.

ही तपासणी कुठून सुरू करायची ते कळायला डिझेल इंजिन पेटतं कसं ते माहीत हवं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगी नसते. जर्मनीतल्या आउग्सबुर्गला 1897 मध्ये रुडॉल्फ डिझेलनं जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे: हवा इतकी दाबायची की दाबानंच ती तापावी आणि तिच्यात डिझेल फवारलं की आपोआप पेटावं. जुन्या इंडिकासारख्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं. विहिरीवरचं किर्लोस्करचं इंजिन ज्यांनी हँडल मारून सुरू केलं आहे त्यांच्या हातांना हा दाब ठाऊक आहे. डीकॉम्प्रेशनची खिट्टी उचलून धरायची, चाकाला पुरता वेग आला की सोडायची, मगच इंजिन धडधडायला लागायचं. वेग कमी पडला तर ते नुसतं फुसकारायचं. आपल्या गाडीत हँडलचं काम सेल्फ करतो, पण अट तीच आहे. इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे, हवा रिंगांच्या कडेनं निसटता कामा नये आणि गार लोखंडानं दाबाची उष्णता पिऊन टाकायच्या आत डिझेल पेटलं पाहिजे. पहाटे दहा अंशांना या तिन्ही गोष्टी अवघड होतात.

वेग बॅटरीतून येतो, म्हणून पहिली पाळी तिची. बॅटरी थंडीत मरते असं सगळे म्हणतात, पण तिचा जीव मे महिन्यात जातो. नांदेडच्या 43-44 अंशांत बॉनेटखाली याहून कितीतरी जास्त उष्णता असते. प्लेटा झिजतात, पाणी उडतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी चढं राहिलं तर शिशाच्या बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. मात्र उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, लोखंड आधीच कोमट असतं, त्यामुळे निम्मी मेलेली बॅटरीसुद्धा गाडी सुरू करते. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल तिच्याकडून जास्त जोर मागतं. तिचा कस तिथे लागतो.

साध्या मल्टिमीटरनं हे घरीच कळतं. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.2 च्या खाली असेल तर अर्धी रिकामी. आता कुणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा पाहत राहा. तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरीचे दिवस भरले. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळत नसतील तर दोष डायनामोकडे आहे, नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. नवी बॅटरी टाकूनही सेल्फ जड फिरतो, अशी तक्रार जुन्या गाड्यांत नेहमीची आहे. तिचं कारण बहुतेकदा अर्थिंगच्या वायरीत असतं. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणारी जाड केबल जिथे नटाखाली बसते ती जागा गंजलेली असते. नट खोला, पॉलिश पेपरनं घासा, ग्रीस लावून परत आवळा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. केबल काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी.

बॅटरी बसलेली असली की गाव मदतीला येतं आणि धक्का स्टार्ट होतो. नांदेड आणि लातूरच्या ग्रामीण भागात वर्षानुवर्षं चाललेल्या काळी-पिवळी जीप रात्री उतारावर लावायची पद्धत याचसाठी होती. मजबूत जुन्या जीपला ते चालून जातं. इंडिकासारख्या टायमिंग बेल्टच्या इंजिनाला मात्र धक्का देऊ नका. जुना बेल्ट गिअरच्या हिसक्यानं एखादा दात जरी सरकला तरी व्हॉल्व पिस्टनला भिडतात आणि बॅटरीच्या कितीतरी पट खर्च हेडवर होतो. बेल्ट कधी बदलला होता याची नोंद नसेल तर तो बदलायचाच आहे असं समजा.

दुसरी गोष्ट हीटर प्लगची. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डवर स्प्रिंगसारख्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्या काही सेकंदांत प्रत्येक सिलिंडरमधली एक छोटी कांडी लालबुंद तापते. चारपैकी एक प्लग गेला तर उन्हाळ्यात पत्ताही लागत नाही. थंडीत मात्र गाडी तीन सिलिंडरवर थरथरत सुरू होते आणि मिनिटभरानं सुरळीत होते. असं होत असेल तर हीटर प्लग तपासा. वायर काढून मल्टिमीटरनं रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर तो जळाला. चारही मेले आहेत असं दिसलं तर आधी रिले आणि फ्यूज पाहा, चार प्लग एका दिवशी जळत नाहीत. आणि प्लग खोलायचा तो इंजिन कोमट असताना, पाना हळू फिरवत. वर्षानुवर्षं एका जागी बसलेला प्लग गार इंजिनात जोर लावला की तुटतो आणि त्याचा तुकडा काढायला हेड उतरवावं लागतं. काही जुन्या थेट इंजेक्शनच्या इंजिनांना हीटर प्लग मुळातच नसतात. तुमच्या गाडीला आहेत का, हे पुस्तिकेत बघून घ्या.

प्लग मेलेले असताना एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता काकडा धरणं, किंवा ईथरचा फवारा मारणं, हे प्रकार अजून चालतात. कृपा करून करू नका. ईथर फार लवकर पेटतं. पिस्टन वर पोचायच्या आत स्फोट झाला तर रिंग आणि कनेक्टिंग रॉड तुटतात. हीटर प्लग तापलेले असतील तर धोका दुप्पट. डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचीही गरज नाही. डिझेल पंपाचे आतले भाग डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतात आणि रॉकेलमध्ये ती फार कमी असते. शिवाय ते बेकायदा आहे.

आता डिझेलबद्दल थोडं सविस्तर. भारतीय मानकात, आयएस 1460 मध्ये, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हिवाळा धरला आहे. या काळातल्या डिझेलनं 3 अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे. उरलेल्या महिन्यांतल्या डिझेलला ही मर्यादा 15 अंशांची आहे. पंपावरचं डिझेल बहुधा मर्यादेपेक्षा चांगलंच असतं. पण शेतावर उभ्या असलेल्या आणि मे-जूनपासून अर्ध्या टाकीवर ठेवलेल्या गाडीत जानेवारीतही उन्हाळ्याचंच डिझेल असतं, हे ध्यानात ठेवा. नोव्हेंबरमध्ये ताजं डिझेल भरणं हा सर्वांत स्वस्त उपाय. टाकी भरलेली ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. रिकाम्या टाकीतल्या हवेतली वाफ रात्री गार पत्र्यावर जमते आणि पाणी होऊन तळाला बसते. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळा संपल्यावर तो एकदा सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत खालच्या वाटीत पाणी काढा. पाण्यानं पंप आणि नोजल आतून गंजतात.

थंडीतल्या तक्रारींपैकी मिस्त्रींना सर्वांत जास्त चकवते ती एअर. दिवसा गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, रात्रभर उभी राहिली की पहाटे दहा सेकंद फिरवावी लागते. प्रायमरचा हात पंप घट्ट होईपर्यंत मारला आणि मग लगेच सुरू झाली, तर दोष हीटर प्लगचा नाही. डिझेल रात्रीतून टाकीकडे परत उतरलं आणि पाइपात हवा शिरली. वीस वर्षांची रबरी नळी उन्हानं कडक होते, तिला केसाएवढी चीर पडते आणि त्यातून डिझेल गळत नाही, हवा मात्र ओढली जाते. म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. यामागे इंधनातला बदलही आहे. सुमो 1994 मध्ये आली तेव्हाच्या डिझेलच्या मानानं आजच्या डिझेलमध्ये गंधक नावालाच उरलं आहे: 1 एप्रिल 2020 पासून देशभर विकल्या जाणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये ते दहा लाखांत फक्त 10 भाग असतं. हवेसाठी हे फार चांगलं झालं. पण गंधक काढताना डिझेलची घडणही थोडी बदलते आणि जुन्या रबरी सीलना फुगवून घट्ट ठेवणारे घटक कमी होतात. जुन्या पंपाची सील आकसून पाझरू लागली तर हेही कारण असू शकतं. दोन मीटर नवी डिझेल नळी आणि चार क्लिपा, एवढ्यात बहुतेक गाड्यांचं दुखणं संपतं. त्यानंतरच पंप-नोजलवाल्याकडे जा.

पंप-नोजल हे मात्र अंगणात करायचं काम नाही. नोजलच्या टोकाची भोकं अतिशय बारीक असतात आणि फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे. थेंब पडला तर तो गार पिस्टनवर पेटतच नाही. मराठवाड्यातल्या कित्येक जुन्या गाड्यांतल्या नोजलांचं माहेर आपल्याच राज्यात आहे, नाशिकच्या सातपूरच्या मायको कारखान्यात. 2008 पासून कंपनीचं नाव बॉश झालं, पण मिस्त्री अजून मायकोच म्हणतात. टेस्टिंगचं मशीन असलेल्या दुकानातच नोजल तपासा आणि फवारा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

धुराचा रंग बघायलाही पहाटच चांगली. सुरू करताना पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला, तर ते न जळलेलं डिझेल, काळजी नको. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि आपल्याकडे बहुधा हवाच कमी. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत, ऑक्टोबरमध्ये, काळ्या रानातल्या रस्त्यांवरून फिरलेल्या गाडीचा एअर फिल्टर काढून झटका, आत काय भरलंय ते दिसेल. मळणी उरकली की तो बदलायचा. जुन्या जीपला ऑइल बाथ फिल्टर असेल तर त्याच्या वाटीतला चिखल काढून नवं ऑइल भरायचं. बॉनेट उघडलंच आहे तर वायरीही पाहा. रानं मोकळी झाली की उंदीर उबेला इंजिनावर येऊन बसतात आणि हीटर प्लगच्याच वायरी कुरतडतात.

ज्यावर मला मनापासून भांडावंसं वाटतं तो विषय म्हणजे थर्मोस्टॅट. उन्हाळ्यात गाडी हीट व्हायला लागली की आपल्याकडे पहिला उपाय काय होतो? व्हॉल्व काढून टाकतात. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, सुई खाली येते, मालक खूश होतो. पण हीट होण्याचं खरं कारण तसंच राहतं आणि ते बहुतेक वेळा पाण्यात असतं. लातूरनं पाण्याची टंचाई किती सोसली हे सांगायला नको. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा भागात रेडिएटरमध्ये पडतं ते बोअरचं पाणी, क्षारांनी जड झालेलं. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि नळ्या एकेक करून बुजतात. मग व्हॉल्व निघतो. आणि हिवाळ्यात हेच इंजिन कधी गरमच होत नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडायचा असतो. तो नसला की थंडीत इंजिन पन्नास-साठ अंशांवर धावत राहतं. डिझेल जास्त जळतं, काजळी धरते, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर लवकर झिजतात आणि आतल्या हीटरला ऊब येत नाही. वीस मिनिटं चालवूनही तापमानाची सुई तळाशीच असेल तर तुमच्या गाडीचा व्हॉल्व कुणीतरी काढला आहे, किंवा तो उघडाच अडकला आहे.

उपाय एकदाच, पण पुरता करा. रेडिएटरवाल्याकडून नळ्या साफ करून घ्या, नवा थर्मोस्टॅट बसवा आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळून भरा. पाणी गोठू नये म्हणून इथे कूलंटची गरज नाही. पण ते गंज आणि क्षार रोखतं, आणि पाणी उशिरा उकळतं. म्हणजे हिवाळ्यात केलेलं हे काम एप्रिलमध्येही उपयोगी पडतं.

इंजिन ऑइलबद्दल लांबण नको. पुस्तिकेत जो ग्रेड दिला आहे तो भरा. जुन्या डिझेल गाड्यांना साधारणपणे 15डब्ल्यू-40 असतं. ऑइल खाणाऱ्या इंजिनात 20डब्ल्यू-50 घालून धूर दबतो, पण पहाटे ते घट्ट असतं आणि सेल्फ जड जातो. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर आठवड्यात काळं पडलं तर घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

सुरू झाल्यावर दहा मिनिटं गाडी जागीच धडधडत ठेवायची सवयही सोडा. डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार हळू गरम होतं. ऑइलचा दिवा विझला, अर्धा मिनिट गेला की निघा आणि पहिले चार-पाच किलोमीटर सावकाश चालवा. माळेगावच्या यात्रेत, ऐन थंडीत, उघड्या माळावर गाडीतच झोपण्याची वेळ येते. काचा लावून इंजिन सुरू ठेवून झोपू नका. जुन्या सायलेन्सरला भोक असतं आणि धूर आत येतो. घोंगडी घ्या.

टायरमधली हवा दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला जवळपास एक पॉइंट उतरते, म्हणून ती पहाटे गार टायरवरच तपासा. आणि दिव्यांना कधी कमी लेखू नका. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा लातूरला जाणारा रस्ता गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांनी आणि बैलगाड्यांनी व्यापलेला असतो, कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. गोदाकाठच्या धुक्यात जुन्या हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचेतून त्या वेळेवर दिसत नाहीत. काच घासून साफ करा, फोकस खाली करून घ्या.

एवढा खर्च जुन्या गाडीवर करावा का? पंधरा वर्षं झालेल्या डिझेल गाडीला महाराष्ट्रात बंदी नाही. दिल्लीतला नियम इथे लागू नाही. योग्यता तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणीचं नूतनीकरण होतं. 2022 पासून त्याचं शुल्क बरंच वाढलं आहे. कोकणाच्या तुलनेत आपली हवा कोरडी आहे, त्यामुळे इथल्या चेसिस जास्त टिकतात. म्हणून निर्णय इंजिनावर घ्यायचा. गेज लावून चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील, साधारण 400 पीएसआयच्या आसपास असतील आणि चेसिस ठोकून पाहिल्यावर पत्रा गळत नसेल, तर गाडी ठेवा आणि वरचा खर्च बिनधास्त करा. एका सिलिंडरचा आकडा खूप खाली असेल आणि चेसिसही खाल्लेली असेल, तर नवी बॅटरी, नवे प्लग घालून तिला ओढत नेऊ नका. ती रंग मारून दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात घालण्यापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रावर द्या आणि प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. नवी गाडी घेताना त्यावर सवलत मिळते.